गोमाकाकाच्या नजरेचा नकाशा

फोन आला तेव्हा माझ्या डोळ्यांत थेंब घातलेले होते. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब. खोपोलीत शिळफाट्याच्या बाजाराजवळ डोळ्यांचा एक दवाखाना आहे, तिथल्या बाकावर मी बसलो होतो आणि मोबाईलवरची अक्षरं दुधात पडलेल्या मुंग्यांसारखी इकडून तिकडे पळत होती. शेजारच्या बाईंना म्हटलं, "ताई, जरा बघता का कोणाचा आहे?" त्यांनी माझा हात धरून फोन आपल्याकडे वळवला आणि म्हणाल्या, "काकी लिहिलंय." म्हणजे काकाच! गोमाकाकाला स्वतःचा फोन कधी सापडायचा नाही, तो काकीच्याच फोनवरून बोलायचा. आणि मला तर त्या क्षणी त्याच्याशीच बोलायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी नुकतंच सांगितलं होतं, नस उत्तम, दाब उत्तम, दोन्ही डोळे ठणठणीत. ज्या तपासणीसाठी काका दोन वर्षं माझ्या मागे लागला होता ती मी अखेर एकट्यानं, घरी कोणाला न सांगता करून घेतली होती. फोन कानाला लावून मी ओरडलोच, "काका, पास झालो रे!"  पलीकडून काकीचा आवाज आला… "संतोष, तुझा काका गेला रं."

जेवून पडवीतल्या खाटेवर आडवा झाला होता. चहाला हाक मारली तर उठला नाही. एवढंच. दवाखान्यातल्या लोकांनी मला रिक्षात बसवून दिलं, कारण मला रस्ता दिसत नव्हता. दिसत नव्हता म्हणजे फार दिसत होता. बाहुल्या उघड्या राहिल्या की ऊन गाळून येत नाही, सगळं एकदम आत घुसतं. घरी पोचलो तेव्हा अंगणातली माणसं, त्यांच्या टोप्या, पत्र्याचं छप्पर, सगळं लखलखत होतं. लोकांना वाटलं, रडून रडून डोळे लाल झालेत. मी काकाच्या तोंडाजवळ वाकलो आणि तो पुसट झाला. आणखी वाकलो, आणखी पुसट. थेंब घातलेल्या डोळ्यांना जवळचं दिसत नाही, हे मला ठाऊक होतं, तरी मी वाकतच राहिलो. शेवटी मागे सरकत सरकत दारापर्यंत गेलो, तेव्हा कुठे काका नीट दिसला. बायका कुजबुजल्या असतील, सख्खा पुतण्या आणि लांब जाऊन उभा राहिला. काकाला मात्र हे सांगितलं असतं तर खाटेवर उठून बसून हसला असता.

मी फार बोलणारा माणूस नाही. भजनात तोंड उघडतो तेवढंच. पण काकाचं आणि माझं जे काही होतं ते त्या दवाखान्यातच मिटलं, आणि इतक्या हर्षानं मिटलं, की ते आठवताना दुःखाचं भान राहत नाही. आता काही आठवडे उलटलेत. जे इतके दिवस घशात धरून ठेवलं ते सांगूनच टाकतो.

आमचं गाव कर्जत-खोपोली रस्त्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी. गावाचं भजनी मंडळ आहे. माझे वडील मंडळाचे बुवा, म्हणजे मुख्य गाणारे, पेटीही तेच वाजवायचे. त्यांचा धाकटा भाऊ गोमाकाका पखवाजावर. वडील गेले आणि पेटी माझ्याकडे आली. मी खालापूरकडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळणारा माणूस, नटबोल्ट मोजणारा. काकाच्या पखवाजाखाली वाढलेला. त्याच्या शेजारी बुवा म्हणून बसताना माझे कान तापायचे. आमच्याकडे बसायची पद्धत अशी, की बुवा मधे आणि पखवाजी त्याच्या उजव्या हाताला. म्हणजे पखवाज्याला बुवा डावीकडे. दोघांची तोंडं लोकांकडे. पखवाजी मान वळवून बुवाकडे बघत बसत नाही, त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून बुवाचा हात दिसत असतो. बुवानं पेटीवरचा हात उचलून बोटं नाचवली की लय वाढवायची, तळहात पालथा केला की थांबायचं. सगळं भजन त्या खुणेवर उभं असतं. खूण चुकली की भजन पडलंच समजा.

आणि काका खुणा चुकवायला लागला. मी तळहात पालथा करावा, टाळ एकदम थांबावेत, आणि त्या शांततेत काकाचा पखवाज एकटाच धडाधडा पुढे पळावा. लोक हसायचे. एकदा झालं, दोनदा झालं… मग मला वाटायला लागलं की हा मुद्दाम करतोय. भावाच्या जागी पोरगा बसला, ह्याच्या बोटावर मी का नाचू, असं त्याच्या मनात असणार. शेजारच्या गावात कार्यक्रम होता. तिथं त्यानं पुन्हा तसंच केलं आणि माझा तोल गेला. समोर माईक होता. मी माईकमध्येच म्हणालो, "काय गोमाशेठ, घरी जाऊन झोपायचं का आपण?" मांडव हसला. काकानं समोरच बघत, ओठ न हलवता उत्तर दिलं, "बुवा, आधी खूण तर द्या." मला आयुष्यात पहिल्यांदा त्यानं 'बुवा' म्हटलं होतं, आणि 'द्या' म्हटलं होतं. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. त्यानंतर खोपोलीचा एक कार्यक्रम झाला आणि तो संपल्यावर काकानं पखवाजाला खोळ चढवली. म्हणाला, "तुझ्यासाठी दुसरा बघ." खुंटीवर पखवाज, खाली काका, आणि मंडळात त्याची जागा रिकामी. मी दुसरा बघितला नाही आणि त्याला बोलवायलाही गेलो नाही.

बोलवायला आली ती काकी. एक दिवस सकाळीच आमच्या ओट्यावर येऊन बसली. "संतोष, तुझ्या काकाला चष्मा बदलून आण. रोज डाव्या हाताला ठेवलेला तांब्या पाडतोय. परवा गेटला गाडी घासली."

काका मागोमाग आलाच होता. "काय नाय झालेलं मला. उडतं पाखरू दिसतं!"

"पाखरू दिसतं, तांब्या दिसत नाय," काकी म्हणाली. "तुमी दोघं बोला नायतर नका बोलू. गाडीवर बसायला बोलायला लागत नाय."

तर असे आम्ही न बोलता निघालो. मोटरसायकलवर पुढे मी, मागे काका, त्याच्या खिशात जुना चष्मा. आणि त्या दवाखान्यात शिरल्यावर जी काही मजा सुरू झाली! डोळे तपासणं म्हणजे भिंतीवरची अक्षरं वाचायची आणि चष्मा घेऊन यायचं, एवढीच माझी समजूत. तिथं आधी बसवून विचारपूस केली. साखर आहे का, रक्तदाब आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, घरात कोणाची नजर गेली होती का. काका म्हणाला, "आमचा आजा म्हातारपणी भिंत धरून चालायचा. पण ते वयानं." लिहून घेणाऱ्या ताईनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि ते लिहून घेतलं.

मग पहिलं मशीन. हनुवटी टेकवून आत बघायचं. काका लगेच ओरडला, "आरं, हितं रस्ता हाय! रस्त्याच्या टोकाला फुगा हाय! गेला… पुसट झाला… आला, आला, आला!" बाहेर बाकावर बसलेली माणसं उठून डोकावायला लागली. ते मशीन आपोआप नंबराचा अंदाज काढतं, पण काकाला वाटलं खेळच आहे, त्यानं दुसऱ्या डोळ्यालाही फुगा मागितला. पुढच्या मशीननं डोळ्यावर हवेची फुंकर मारली, डोळ्याच्या आतला दाब बघायला. काका खुर्चीसकट मागे सरकला.

"ए बाय, फुंकर मारायची तर सांगून मार की!"

"आजोबा, सांगितलं होतं मी."

"सांगितलंस गं, पण खरंच मारशील असं वाटलं नव्हतं."

मी तोंड दुसरीकडे करून हसलो. भांडण चालू होतं ना आमचं. मग त्याच्या नाकावर ती जाडजूड गोल चौकट चढवली आणि एकेक काच बदलत विचारायला लागले, आताचं बरं की आधीचं बरं? काका पखवाज सुरात लावताना करायचा तसा डोकं एका अंगाला कलवून सांगत होता. "आधीचं जरा चढं होतं. हे… हां, हे सुरात हाय." शेवटी तो खालच्या ओळीपर्यंत झरझर वाचत गेला. फक्त तळातली एक राहिली. चौकट न काढताच माझ्याकडे वळून म्हणाला, "बघ. दिसतंय मला सगळं."

खरं सांगतो, तेव्हा माझं मन कडू झालं. नजर एवढी चांगली असेल तर खूण न दिसायला काय झालं? म्हणजे मी म्हणत होतो तेच खरं. मुद्दाम.

पण डॉक्टरीणबाई तेवढ्यावर सोडणाऱ्या नव्हत्या. त्यांनी त्याचं कपाळ पट्टीला टेकवून उजेडाची बारीक फट डोळ्यावर फिरवली, पिवळे थेंब घालून निळ्या दिव्यात पुन्हा दाब मोजला, आणि मग ते बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून आम्हाला बाहेर बसवलं. अर्ध्या तासानं आत घेतलं आणि डोळ्याच्या तळाशी बघत राहिल्या. वर बघा, खाली बघा, डावीकडे बघा…  मग म्हणाल्या, "आजोबा, समोरची नजर तुमची छान आहे. पण दाब जास्त आहे, आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाते ती नस मला बरी वाटत नाही. बाजूचं किती दिसतं ते मोजायला हवं. आज थेंब घातलेत, आज नको. परत या."

"बाजूचं म्हंजे?"

"समोर बघत असताना बाजूला काय चाललंय ते दिसणं. अक्षरं वाचता येतात म्हणून ते असतंच असं नाही."

मी तिथंच बसलो होतो. एवढं स्पष्ट सांगितलं त्यांनी, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. उजेड काकाच्या डोळ्यांत मात्र भरपूर पडला होता! बाहेर आल्याबरोबर त्यानं पंचा डोक्यावरून ओढून घेतला आणि गाडीवर मला घट्ट धरलं. पळसदरीच्या वळणावर मागून म्हणाला, "संत्या, उजेडाला पूर आलाय रं." कित्येक महिन्यांनी त्यानं मला संत्या म्हटलं होतं. मी गाडी हळू केली. 

पुढच्या फेरीत ती नजर मोजायची तपासणी झाली. एका लहान अंधाऱ्या खोलीत आतून पांढरं, घमेल्यासारखं खोलगट मशीन. एका डोळ्यावर पट्टी, हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. आजूबाजूला बारीक दिवे लागतात, काही ठळक, काही अगदी मिणमिणते. दिसला की हातातलं बटण दाबायचं. बस्स. मी पडद्याबाहेर स्टुलावर बसलो. आतून मशीनची घुर्रघुर्र आणि बटणाची टकटक ऐकू येत होती. थोड्या वेळानं मशीनवरच्या ताईचा आवाज आला, "आजोबा, दिवा दिसल्यावरच दाबायचं हं." "हां हां," काका म्हणाला. पुन्हा घुर्रघुर्र, टकटक. एक डोळा झाला. ताईनं छापलेला कागद बघितला आणि म्हणाली, "हे मशीन मान्यच करत नाहीये. मधे मधे ते नुसता आवाज करतं, दिवा लावत नाही, माणूस अंदाजानं दाबतोय का ते बघायला. आजोबांनी तेव्हाही दाबलंय. सगळीकडे दाबलंय. ह्या कागदावर विश्वास ठेवला तर ह्यांना पाठीमागचंही दिसतंय!"

पुन्हा पहिल्यापासून सुरू. मी स्टुलावर बसून होतो, आणि माझं लक्ष सहज माझ्या हाताकडे गेलं. माझी बोटं मांडीवर ताल धरत होती. कशाचा ताल? इथं कुठे गाणं चाललंय? मी कान दिला. घुर्र टक, घुर्र टक, टकटक, घुर्र… आणि मी ताडकन उठलो. पडदा बाजूला केला. आत जायची परवानगी आहे की नाही हेसुद्धा विचारलं नाही.

"काका! धुमाळीचा ठेका वाजवतोयस तू!"

काका हनुवटी न हलवता, एका डोळ्यावर पट्टी तशीच ठेवून म्हणाला, "मग? मशीनच लय देतंय. मी काय करू? हात ऱ्हात नाय."

ताईला काही कळेना. मी तिला सांगितलं की हे उभं आयुष्य पखवाज वाजवत आलेत, आवाज ठरावीक वेळानं आला की ह्यांचं बोट समेवर पडणारच, दिवा असो नसो. ती हसत हसत खुर्चीत बसलीच. "आता ह्यांना थांबवायचं कसं?" तिनं विचारलं. आणि ते मला माहीत होतं! दुसऱ्या कोणाला नाही, मलाच माहीत होतं. काकाच्या कानाशी वाकून म्हणालो, "काका, ठेका सोड. घुर्रघुर्र म्हणजे टाळकरी, त्यांच्याकडे लक्ष नको देऊस. दिवा म्हणजे बुवाची खूण. खूण दिसली तरच थाप."

काकानं बटणावरचं बोट उचललं. "म्हंजे बुवाच्या खुणेवर वाजवायचं?"

"हां. बुवाच्या खुणेवर."

"बरं."

मी पुन्हा स्टुलावर. उजव्या डोळ्याला टकटक झाली, पण आता ती ताल सोडून, कुठेही, कशीही. वाजवणाऱ्या माणसाला किती अवघड गेलं असेल ते! मग पट्टी बदलली, डावा डोळा. घुर्र. घुर्र. टक. घुर्र… घुर्र… घुर्र… मी वाट बघत होतो. मशीन खुणा देत होतं, देत होतं, आणि आत माझा काका बटणावर बोट ठेवून इमानदारीत बसून होता. टक नाही. काही नाही.  मला कळायला लागलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद टेबलावर ठेवले. "ह्याला आम्ही नजरेचा नकाशा म्हणतो." डाव्या डोळ्याच्या नकाशात एक बाजू काळी होती, कोळशानं घासल्यासारखी. उजव्याच्या कडेला नुसती करडी झाक. त्या म्हणाल्या, "काचबिंदू आहे. दुखत नाही, खुपत नाही, समोरचं शेवटपर्यंत चांगलं दिसतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलं ते परत येणार नाही. पण आहे ते राखता येईल, रोज थेंब घातले तर."

काकानं त्या काळ्यावर बोट ठेवलं. "बाई, मी समोर बघत बसलो, तर हे काळं माझ्या कुठल्या अंगाला?"

"डावीकडे."

काका कागदाकडे बघत राहिला. मग हळूहळू सगळी मान वळवून त्यानं माझ्याकडे बघितलं. "आरं संत्या… तितं तर तू बसतोस."

"हो काका."

"म्हंजे तू खुणा देत होतास?"

"देत होतो की! आणि मला वाटलं तू मुद्दाम…"

"मला वाटलं तू देतच नायस! म्हातारा झाला, पडूदे चारचौघांत तोंडावर, म्हनून!"

"काका, मी कशाला…"

"आरं, तू मला दिसतच नव्हतास रं!"

आणि आम्ही दोघं हसायला लागलो. काकानं माझं मनगट असं धरलं की वळ उठले. त्याच्या डोळ्यांतून पाणी, माझ्या डोळ्यांतून पाणी. डॉक्टरीणबाई एकदा त्याच्याकडे बघतायत, एकदा माझ्याकडे. "अहो, मी काय सांगतेय ते कळतंय ना तुम्हाला? गंभीर आहे हे." "कळलं बाई, समदं कळलं," काका म्हणाला. "लय चांगलं झालं!"

माणसाची नजर चाललीय हे ऐकून कोणाला आनंद होतो का? मला झाला. त्याच्या डोळ्यांचं काय होणार, हा विचार माझ्या मनात फार मागून आला. आधी आला तो नुसता आनंद, की काका माझ्यावर रुसला नव्हता. ह्या आनंदाची मला पुढे लाज वाटली, आणि अजून वाटते. पण झाला हे खरं आहे. घरी येताना आम्ही दोघं गाडीवर मोठ्यानं गात आलो. दहिवलीला वाट वाकडी करून काकानं जिलबी घेतली. काकीनं विचारलं, "काय सांगितलं डॉक्टरनं?" काका म्हणाला, "काचबिंदू!" आणि तिच्या हातात जिलबीचा पुडा दिला. काकीनं आम्हा दोघांच्या तोंडाचा वास घेतला.

पखवाज त्याच संध्याकाळी खुंटीवरून उतरला. राहता राहिला प्रश्न बसायचा, आणि तो आम्ही सोडवला. काका माझ्या डावीकडे, म्हणजे मी त्याच्या उजवीकडे, चांगल्या डोळ्याच्या बाजूला. ऐकायला सोपं आहे. पण पेटीचा भाता बुवाच्या डाव्या हातात असतो. डावीकडच्या माणसाला खूण द्यायची तर भाता सोडावा लागतो, आणि तेवढ्यापुरता सूर खाली बसतो. सुरुवातीला मी हैराण झालो. काका म्हणायचा, "बसूदे सूर, उठतो परत." मग टाळकऱ्यांना सवय झाली, लोकांना सवय झाली. दुसऱ्या मंडळांची माणसं विचारायची, ह्यांची पेटी प्रत्येक चरणाला दम का घेते? कोणी सांगायचं नाही. काकी तिकडे घड्याळ लावून थेंब घालायची. काकानं कुरकुर केली की म्हणायची, "पेटीवाला दिसायला पायजे ना? मग वर बघा." आणि दर वेळच्या तपासणीत नकाशा तसाच्या तसा निघायचा, काळं पुढे सरकायचं नाही. काका तो कागद मंडळात सगळ्यांना दाखवायचा, पोरांच्या निकालासारखा.

पण एक गोष्ट राहिली होती. 'देत होतो की' असं मी डॉक्टरीणबाईंसमोर म्हणालो होतो, ते पूर्ण खरं नव्हतं. खोपोलीच्या कार्यक्रमात, त्या खोळ चढवण्याआधीच्या शेवटच्या कार्यक्रमात, मी एकदा खूण दिली नव्हती. ठरवून. लय वाढवायची वेळ आली, मी हात पेटीवरून हलवलाच नाही. म्हटलं, चुकव आता, आता तर खरोखरच चुकव. टाळ सवयीनं पुढे पळाले, काका मागे राहिला, लोक हसले, मला बरं वाटलं. हे माझ्या अंगात काट्यासारखं राहिलं. पुढच्या एका तपासणीला आम्ही थेंब घालून बाकावर बसलो होतो. काकाच्या बाहुल्या पसरलेल्या, जवळचं काही दिसत नव्हतं, माझा चेहराही. आपलं तोंड न दिसणाऱ्या माणसाजवळ बोलणं सोपं जातं. म्हणालो, "काका, एकदा मी खूण दिली नव्हती."

"खोपोलीला," काका म्हणाला.

मी त्याच्याकडे वळलो. "तुला ठाऊक होतं?"

"मान वळवून बघत होतो की तुझ्याकडं. त्या दिशी म्हटलं, बघूच, देतो का नाय. तवा चांगला दिसत होतास."

"मग डॉक्टरसमोर बोलला का नाहीस?"

काका समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिला. "तू लय हरकला होतास रं. म्हटलं, ऱ्हाऊदे." थोड्या वेळानं कोपर मारून म्हणाला, "आनि मी काय साधू नव्हतो. तुझ्या बापाच्या येळेपासनं मला पेटीवर बसायचं होतं. ते बी तुला आजच सांगतो." मग आम्ही दोघं बाकावर पोरांसारखे खिदळलो, आणि ताईनं आतून विचारलं, आजोबांना थेंब चढले का हो?

डॉक्टरीणबाईंनी नकाशा दाखवला त्याच दिवशी बजावलं होतं, रक्ताच्या नात्यातल्या चाळिशी ओलांडलेल्या सगळ्यांनी डोळे दाखवा. काका तेव्हापासून माझ्यामागे. मी टाळायचो. आज सुट्टी नाही, उद्या माल येणार आहे. खरं कारण भीती. त्या घमेल्यात तोंड घालून बसायचं आणि घुर्रघुर्र ऐकत वाट बघायची, ह्याची भीती. काका म्हणायचा, "आज्यानं भिंत धरली, मी तुला धरला. तू कोनाला धरशील?" शेवटी गेलो ते त्याला अचानक सांगून चकित करावं म्हणून, न सांगता. त्यालाही न घेता. तो शेजारी बसला असता, फुग्याची चौकशी केली असती… हे मी कितीही वेळा मनात फिरवलं तरी त्यात समाधानाची बाजू सापडत नाही.

सुतक फिटल्यावर मंडळ पुन्हा देवळात बसलं. पखवाजाला दहिवलीचे एक गृहस्थ आले, माझ्याच वयाचे, हात चांगला. त्यांना कोणी काही सांगितलं नाही. ते रीतीप्रमाणे माझ्या उजवीकडे बसले, मीही काही म्हटलं नाही. पहिला अभंग सुरू झाला. चरण संपत आला आणि माझा डावा हात भात्यावरून सुटला. सूर खाली बसला. टाळ सगळे एका क्षणात थांबले. उजवीकडचा पखवाज मात्र पुढे निघून गेला, मग ओशाळून थांबला. ते गृहस्थ पेटीकडे वाकून बघायला लागले. "बुवा, भाता फाटलाय का ओ?"

मी हात परत भात्यावर ठेवला. मागून आमचा म्हातारा टाळकरी म्हणाला, "भाता चांगला हाय. तुमी तिकडं बसा, पलीकडं. ह्यांचा हात तिकडंच चालतो."

त्यांनी पखवाज उचलला, माझ्या मागून वळसा घालून आले आणि डावीकडे मांडी घातली. त्यांचे दोन्ही डोळे चांगले आहेत. तरी आता ते तिथेच बसतात.